गुडघेदुखीकडची कायम नोकरी

आमच्या महाविद्यालयात यंदा कॅम्पस मुलाखतींना दवाखाने आले नाहीत, थेट आजारच आले.

सर्दीकडे फक्त हंगामी काम होतं. उचकीने तासाच्या बोलीवर दोघांना घेतलं, पण सह्या होण्याआधीच ती थांबली. कायमची जागा एकट्या गुडघेदुखीकडे होती, म्हणून फिजिओथेरपीच्या तनुजा खोपडेने तिथेच अर्ज केला.

गुडघेदुखीबाई आत आल्या तेव्हा प्राचार्य स्वागताला उठायला गेले आणि अर्ध्यावरूनच परत बसले.

“पगाराची अपेक्षा?” बाईंनी विचारलं.

“पोटापुरता. आणि दरवर्षी वाढ.”

“वाढीची चिंता नको. लोकांची वयं वाढतातच. काम काय करणार?”

“तुम्हाला घालवणार,” तनुजा म्हणाली.

प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी मात्र मान डोलावली. “तुमच्या आधीचे सगळे ‘सांभाळून घेऊ’ म्हणाले. उद्यापासून या.”

पहिली नेमणूक घरीच मिळाली. तनुजाचे वडील बबनराव एसटीत कंडक्टर होते आणि त्यांच्या दोन्ही गुडघ्यांत बाई पूर्वीपासूनच रुजू होत्या. तनुजा रोज सकाळी त्यांच्याकडून व्यायाम करून घेऊ लागली. दुखणं कमी व्हायला लागलं, तसे बबनराव काळजीत पडले. मुलीची पहिली नोकरी, तीही कायम, आणि ती आपल्याच गुडघ्यांवर उभी. त्यांनी चोरून व्यायाम बंद केला. मुद्दाम लंगडूही लागले.

“बाबा, काल डावा पाय लंगडत होता,” तनुजा म्हणाली. “आज उजवा.”

“दोन्ही आपलेच,” ते म्हणाले. मग हळूच, “मी बरा झालो तर तुझं कसं गं?”

तनुजालाही तीच भीती होती. “तुम्ही बरे व्हा,” ती म्हणाली, “माझं मी बघते,” आणि तिने त्यांचा पाय पुन्हा हातात घेतला.

एके सकाळी बबनराव पूर्ण बरे झाले. त्याच दुपारी गुडघेदुखीबाई बॅग घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या, चहा प्यायल्या आणि निघाल्या. त्यांची बदली शेजारच्या देशमानेकाकूंकडे झाली होती. त्यांच्यासोबत तनुजाचीही झाली. तिला बढती मिळाली. प्रवासभत्ता मात्र नामंजूर झाला, कारण दोन्ही घरांची भिंत एकच आहे.