दत्तोपंतांचा चेहऱ्यांचा रियाज

आमचे शेजारी दत्तोपंत यांनी होळीच्या दिवशी एकाच विद्यार्थ्याला तीनदा जेवू घातले, अशी कथा सुभानपुऱ्यात अजून सांगितली जाते. ती साफ खोटी आहे. जेवले तिघे, दत्तोपंतांना तो एकच वाटला. पाने मी मांडली होती, तेव्हा वाद नको.

घरोघरी केबल टीव्ही आला, त्या सुमाराची ही हकिकत. दत्तोपंत विधुर, रेल्वेतून निवृत्त झालेले तिकीट तपासनीस. "एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नाही," हा त्यांचा अभिमान. माडीवर त्यांनी नुकतेच केनियाचे तीन विद्यार्थी ठेवले होते. त्या होळीला कॉलेजातून ते एकेक करून जेवायला आले. पहिला जोसेफ जेवून गेला आणि दुसरा दारात उभा राहिला.

"जोसेफ, पुन्हा भूक लागली? बस, बस! अहो, तूप वाढा याला!" दत्तोपंतांनी मला फर्मावले.

"काका, हुं पीटर छुं," तो इकडच्या गुजरातीत म्हणाला.

"असशील रे. जेवताना नाव कशाला बदलतोस?"

तिसरा डॅनियल पानावर बसला, तेव्हा तर दत्तोपंतांचे डोळे पाणावले. "किती उपाशी राहिलंय हो पोर!"

संध्याकाळी तिघे एकत्र खाली आले आणि दत्तोपंतांचा चेहरा उतरला. त्याहून गंभीर प्रकार म्हणजे, घरमालक समजून पोरांनी आभार मानले ते माझे! "काका, तमे बधा सरखा लागो छो," म्हणजे तुम्ही सगळे सारखेच दिसता, असे वर हसून सांगितले. मला भरघोस मिशी आहे. दत्तोपंतांना मिशीच नाही!

दुसऱ्या दिवसापासून दत्तोपंत सकाळचा चहा माडीवर घेऊ लागले. ते पोरांवर पाळत ठेवत, हे समोरच्या जोशीबाईंचे म्हणणे निराधार आहे. "मेंदूलाही चेहऱ्यांचा रियाज लागतो," ते मला म्हणाले. दिवाळीपर्यंत ते तिघांना गच्चीवरून, नुसत्या चालीवरून हाक मारू लागले.

पदव्या घेऊन मुले मायदेशी परतली. त्यानंतर एका संध्याकाळी दत्तोपंत माझ्याकडे आले. अमेरिकेतल्या मुलाने सहलीचा फोटो पाठवला होता. त्यात तिथल्या मराठी कुटुंबांची पाच-सहा मुले होती. नातवाला दत्तोपंतांनी पाहिले होते ते पाळण्यात.

"सगळी आपलीच मुलं," ते हळूच म्हणाले. "डॅनियलला मी पाठमोरा ओळखीन हो. पण यातला आमचा कोणता?"

मी तरी त्या मुलाला कुठे पाहिले होते! चष्मा लावून, त्यातल्या त्यात दत्तोपंतांसारख्या लांब नाकाच्या मुलावर मी बोट ठेवले.

"नक्की?"

"माझी चूक कधी झाली आहे?"

त्या इवल्या चेहऱ्यावरून दत्तोपंतांनी अलगद अंगठा फिरवला.

"हाच," ते म्हणाले. "मलाही हाच वाटत होता."