हाड भिजत असताना

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी पिंपरीतल्या एका दातांच्या दवाखान्यात हिंदुरावांच्या जबड्यातला हाडाचा चुरा स्टीलच्या वाटीत काढण्यात आला. नव्या दाताचा स्क्रू बसवला की हाच चुरा त्याच्याभोवती परत भरायचा होता. पण त्याला थुंकी लागली.

"चुऱ्याला जंतू लागले असणार," डॉ. विजयश्री म्हणाल्या. "अँटिबायोटिकच्या पाण्यात भिजवून, धुऊन घेते. मोनिका, नातेवाइकांना कल्पना दे, सही घे."

सोबत माणूस असल्याशिवाय इथे खुर्चीवर घेत नाहीत, म्हणून हिंदुरावांनी सकाळी ठोकून दिलं होतं, "पोरगा खाली गाडी लावतुय." पोरगा, रणजीत, हिंजवडीत होता. दिवाळीनंतर दिघीला घरी फिरकला नव्हता. बायको जाऊन चार वर्षं झालेली. शेजाऱ्याला सोबत बोलवावं, तर गावभर पोराची नाचक्की झाली असती. आता तोंड वासलेलं, जीभ बधिर. त्यांनी जोरजोरात हात हलवले. डॉक्टरांनी भुलीचं आणखी एक इंजेक्शन दिलं.

सहायक मोनिका खाली गेली. "हिंदुरावांबरोबर कोण आलंय?"

"मीच की," जयसिंग म्हणाला. तो रिक्षावाला. काकांना परत न्यायला थांबलेला.

"वर चला, सही करा."

कंपन्यांच्या गेटवर दिवसाला दहा सह्या करणाऱ्या जयसिंगने न वाचताच अकरावी सही केली. 'नातं' या रकान्यात मोनिकाने आधीच 'मुलगा' लिहून ठेवलं होतं.

"तीन दिवस मऊ खाणं. थुंकू द्यायचं नाही. आज रात्री जवळ झोपा," डॉक्टरांनी बजावलं.

"गुरगुट्या भात चालंल का मॅडम? अन् गोळ्या जेवणाआधी का मागून?"

इतकं कुणी विचारलेलं हिंदुरावांनी चार वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

"अजून दुखतंय?" डॉक्टरांनी पुन्हा सुई उचलली.

तेवढ्यात काउंटरवर ठेवलेला हिंदुरावांचा मोबाइल वाजला. रणजीतला वडिलांच्या आधार कार्डाचा फोटो हवा होता.

"काका आत आहेत," मोनिका म्हणाली. "त्यांचं हाड काढून वाटीत भिजत घातलंय. काळजी करू नका, तुमचे भाऊ आहेत इथं."

"कोण भाऊ?"

"आहेत की. मुलगा म्हणून सहीपण केली त्यांनी."

हाडाचं रणजीतने विचारलंच नाही. दिघीत वडिलांच्या नावावर रस्त्याकडेची अडीच एकर होती आणि सातबाऱ्यावर नाव लावायला असे मुलगे अचानक उगवतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "जमिनीवर डोळा आहे त्याचा, त्याला तिथंच बसवून ठेवा! मी निघालोच!"

साडेअकराला चुरा धुऊन भरला गेला, टाके पडले. हिंदुराव गालात कापसाचा बोळा धरून बाकावर येऊन बसले. झाला प्रकार मोनिकाकडून कळताच जयसिंग उठला.

"काका, मी चाललो. जमिनीच्या लफड्यात मला नका घालू."

हिंदुरावांनी त्याची बाही धरली. "बस रं. त्यो येऊस्तवर तरी बस."

"मग फोन करून सांगा की, मी कोन हाय ते!"

फोन रणजीतचाच आला. "बाबा, कोण आहे तो? मी भूमकर चौकात अडकलोय. खरं सांगा!"

हिंदुरावांनी जिभेने बोळा बाजूला सारला. "आल्याव सांगतो," म्हणाले आणि फोन बंद केला.

सव्वाबारापर्यंत रणजीतची गाडी चौकातून हललेली नव्हती. हिंदुरावांनीही जयसिंगची बाही सोडलेली नव्हती.