नऊ ते पाच विजेचा पहारा

मी पिरंगुटच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं टाइमकीपर होतो. नऊ वाजून एक मिनिटानं आलेला माणूस माझ्या गेटातून कधी सुखानं आत गेला नाही. साहेबाची गाडीसुद्धा मी रजिस्टरला लाल शाईनं लावलेली आहे! सांगायचा मुद्दा हा, की वेळ पाळणं आणि पहारा देणं या दोन गोष्टी कुणी मला शिकवू नयेत.

त्यामुळे आमच्या रवीनं विजेवर चालणारी गाडी घेतली आणि त्याच आठवड्यात मी पेपरात वाचलं की सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच घरगुती वीज युनिटमागे ऐंशी पैशांनी स्वस्त पडते, तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं, "गाडीचं चार्जिंग आजपासून माझ्याकडे! नऊला लागेल, पाचला निघेल. मधे कुणी बोट लावायचं नाही!"

रवी म्हणाला, "बाबा, नऊ ते पाच मी ऑफिसात असतो. हिंजवडीला जायला म्हणून तर गाडी घेतली ना?"

"कंपनीची बस आहे की!"

"मग गाडी कशाला घेतली?"

"स्वस्तात चार्ज करायला!"

पोरगं कपाळाला हात लावून आत गेलं. खरं बोललं की माणसं उठून जातात.

घोटावड्यात आमचं घर रस्त्याला लागून आहे. जाड पिनांचा मोठा प्लग बसेल असं बटण घरात एकच, तेही मागच्या पडवीत. म्हणून वायर तिथून स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत, माजघरातून पुढं, आणि उंबऱ्यावरून अंगणात गाडीपर्यंत. एखाद्या पेशंटला सलाइन लावावं तशी! ऊन लागू नये म्हणून गाडीवर मी जाड ताडपत्री टाकली आणि शेजारी खुर्ची टाकून बसलो. शेळ्या, पोरं, क्रिकेटचा चेंडू, गाडीला टेकून सेल्फी काढणारे हिंजवडीचे भाडेकरू, सगळ्यांना हाकललं. एक कुत्रं वायर हुंगायला आलं, त्याला चप्पल दाखवली.

येणारा-जाणारा विचारायचा, "काय टाइमकीपर, हितं काय बसलाय?"

मी सांगायचो, "नऊ ते पाच आमच्याकडे वीज स्वस्त असते. वाया जाऊ देत नाही!"

यात माझं काय चुकलं? तुम्हीच सांगा. पण गावात एक वाक्य सोडणं म्हणजे उतारावर टायर सोडण्यासारखं असतं.

मधे एका रविवारी रवी आणि आमची सून पायल गाडी घेऊन ताम्हिणीला फिरून आली. दुसऱ्या दिवशी रवी कंपनीच्या कामाला चार दिवस बंगळूरला गेला. जाताना म्हणाला, "बाबा, बॅटरी पार खाली गेलीय. गुरुवारी पायलचा इंटरव्ह्यू आहे, बावधनच्या शाळेत. साडेदहाला. गाडी भरून ठेवा."

"सोमवार, मंगळवार, बुधवार! तीन दिवस, चोवीस तास! गाडी इतकी भरेल की दार उघडलं तर वीज सांडेल!"

पायल लग्नानंतर दोन वर्षं नोकरी शोधत होती. बी.एड. झालेली, हुशार, पण दरवेळी कुठं तरी माशी शिंकायची. ही शाळा चांगली, पगार चांगला. बुधवारी रात्री जेवतानाही ती ताटाशेजारी फाइल उघडून बसली होती. म्हणाली, "मामा, वेळेत पोचू ना?"

"वेळेत? पोरी, एक तास आधी पोचवतो. तू कुणाला विचारतेयस?"

गुरुवारी आठला पायल तयार झाली. नवी साडी, हातात सर्टिफिकिटांची फाइल. बाबासाहेबांच्या फोटोपुढं हात जोडून आली, सासूच्या पाया पडली. मी रुबाबात ताडपत्री ओढली, गाडीत बसलो, बटण दाबलं.

पडद्यावर आकडा आला. सहा टक्के!

मी चष्मा पुसला. सहाच!

"चोरी!" मी ओरडलो. "चोवीस तास वीज दिली, कुठं गेली?"

शोरूमला फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, प्लग लावला होता का?"

प्लग लावला होता का! एकतीस वर्षं टाइमकीपर असलेल्या माणसाला!

"बाई, मी स्वतः शेजारी बसून होतो! कुत्रंसुद्धा फिरकू दिलं नाही!"

आमच्या सौभाग्यवती चांगुणाबाई दारात उभ्या होत्या. एरवी माझं ओरडणं सुरू झालं की दुप्पट आवाजात उत्तर देणारी ही बाई त्या दिवशी एकदम म्हणाली, "अवं, एस्टीनं जावा की." आणि आत पळाली. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण रागात माणसाचं डोकं चालत नाही, तोंडच चालतं.

पायल म्हणाली, "मामा, रिक्षा बघू का?"

"काही नको! सहा टक्के म्हणजे थोडं झालं का? उताराला तर लागतच नाही!"

पण पिरंगुटचा घाट आधी चढतो आणि मग उतरतो, हे मी साफ विसरलो. चार टक्के, तीन, दोन... गाडीनं आधी एसी बंद केला, मग वेग कमी केला आणि मधल्या वळणावर अशी अलगद थांबली, की आवाजसुद्धा नाही! पेट्रोलची गाडी निदान खोकते, आचके देते. ही म्हणजे बोलता बोलता झोपी गेलेल्या पाहुण्यासारखी!

मागं हॉर्नची जत्रा भरली. एक मोटारसायकलवाला पाण्याच्या बाटलीत पेट्रोल घेऊन आला. म्हटलं, ही विजेवर चालते. तर म्हणतो, "असू द्या काका, थोडं टाकून तर बघा!" दुसरा म्हणाला, "फोनसारखी बंद करून चालू करा." तिसरा नुसता फोटो काढून गेला!

आणि पायल? ती रस्त्याच्या कडेला फाइल छातीशी धरून उभी होती. ओरडली नाही, रडली नाही. दर मिनिटाला घड्याळ बघत होती. साडेनऊ वाजले. जाणाऱ्या रिक्षा भरलेल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला घड्याळाकडे बघवेना.

तेवढ्यात आमच्या शेजारच्या हैबतरावांचा छोटा टेंपो घाट चढत आला. घोटावड्यातले मोठे जमीनदार, आता खोल्या भाड्यानं देतात, आणि त्यांच्या लीलाबाईंचा पापडाचा धंदा आहे. टेंपोत पापडांच्या पिशव्या कापसासारख्या रचलेल्या.

"काय टाइमकीपर, घाटात काय पहारा देताय?"

"हैबतराव, सुनेचा इंटरव्ह्यू आहे बावधनला. साडेदहाला!"

"मग बस की पोरी! मी बी बावधनलाच चाललोय."

पायल टपकन पुढच्या सीटवर बसली. माझा जीव भांड्यात पडला. मी हात जोडले, तर हैबतराव म्हणाले, "अवो, उपकार कसलं? तुमच्यामुळंच तर एवढं पापड झालं! तीन दिस आमच्या मंडळींचं कणीक मळायचं मशीन तुमच्याच पडवीत चाललंय की."

"काय?"

"तुमीच म्हनला न्हवं, तुमच्याकडं लाईट स्वस्त हाय? मोठ्या पिनीचं बटन एकच, मग चांगुणावैनीनं तुमच्या गाडीची पिन काढली आन आमची लावली, पाचाच्या आत परत तुमची. म्हनल्या, ह्यांना सांगू नका, उगा वरडत्यात."

टेंपो गेला. आणि मी घाटात, दिवसाउजेडी, एकटा! म्हणजे तीन दिवस मी अंगणात बसून वायरीच्या रिकाम्या टोकाला पहारा दिला, आणि दुसऱ्या टोकाला माझ्याच घरात उडदाचं पीठ मळलं जात होतं!

गाडी उचलून नेणारा ट्रक दुपारी तीनला आला. तोपर्यंत घाटातून गेलेल्या प्रत्येक माणसाला मी माझी कैफियत सांगितली होती. ट्रकवर गाडी, गाडीत मी, आणि सगळं घोटावडे रस्त्यावर! लग्नाच्या वरातीलासुद्धा एवढी माणसं नव्हती.

घरी पोचलो तर अंगणात लीलाबाई, चांगुणा आणि पायल पेढे खात बसलेल्या!

"मामा, नोकरी लागली!" पायल धावत आली. "सव्वादहाला पोचले मी. येत्या एक तारखेपासून या म्हणाले!"

डोळ्यांत पाणी आलं, नाही म्हणत नाही. पण मी रागही विसरलो नव्हतो. पेढा तोंडात होता, तरी ओरडलो, "चांगुणा! माझ्या गाडीची पिन काढलीस?"

"काढली! बाई दारात आली, तिला न्हाई म्हनू? तुमीच गावभर सांगत फिरला ना, स्वस्त हाय, स्वस्त हाय! मला वाटलं, गाडी काय, उभीच तर हाय."

लीलाबाई पदर सावरत म्हणाल्या, "भावजी, आमचं चुकलं बगा. पण आमच्या दारी नवं मीटर बसलंय, त्यात बी स्वस्त हाय म्हनत्यात. मला वाटलं, तुमच्याकडं आनिक स्वस्त आसंल!"

मी म्हटलं, "नवं मीटर? त्याचा काय संबंध?"

पायलनं मोबाइलवर काहीतरी शोधलं, भिंतीवरच्या आमच्या मीटरकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मामा, ही सवलत नव्या मीटरवाल्यांनाच असते. कुठल्या तासाला किती वीज गेली, ते या जुन्या मीटरला कळतच नाही. आपल्याला नऊ ते पाच काय आणि पाच ते नऊ काय, एकच दर!"

"मग आपल्याला का नाही बसवलं नवं मीटर?" मी कडाडलो. "लीलाबाईंना मिळतं आणि आपल्याला नाही? हा अन्याय आहे! मी अर्ज करतो! मी उपोषणाला बसतो!"

चांगुणा शांतपणे म्हणाली, "आली होती की मानसं दिवाळीनंतर. तुमीच हाकलली."

हे मी तुम्हाला आधी सांगितलं नाही. मुद्दाम नव्हे, खरंच आठवलं नव्हतं! पण माझी बाजूही ऐका. त्यांनी वेळ दिली होती अकराची, आणि आले पाऊण वाजता! माझं ताट वाढलेलं! पावणेदोन तास उशीर म्हणजे काय चेष्टा आहे? मी गेटावरूनच परत पाठवलं.

आता रीतसर अर्ज केला आहे. "दोन-चार दिवसांत कधीही येऊ," म्हणाले. आज नववा दिवस. मी घर सोडलेलं नाही. येऊ देत कितीही वाजता, मी एक अक्षर बोलणार नाही. पाऊण वाजता आले, तर चांगुणाला दोन पानं जास्त वाढायला सांगून ठेवलं आहे!