घंटा ते दार

गौलीगुड्यातल्या इंदुताई सबनवीस यांचा खुबा मोडला आणि पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जाण्यासाठी त्यांना चाकांची खुर्ची लागली. सून वृषालीने ती मोबाइलवरून मागवली. या एका खुर्चीमागे चार कंपन्या उभ्या होत्या : चाके करणारी, सांगाडा करणारी, दोन्ही जोडणारी आणि घरपोच नेणारी. पूर्वी उशीर झाला की या चौघी एकमेकींकडे बोट दाखवत. आता त्या सुधारल्या होत्या. पुण्याहून आलेल्या तेजस नावाच्या सल्लागाराने त्यांना संयुक्त कामगिरी मापनाची दीक्षा दिली होती. चौघींचा फलक एक, गुण एक.

माल फाटकातून आत आला की त्या कंपनीचे घड्याळ सुरू, बाहेर गेला की बंद. साहजिकच माल आत घ्यायला कोणी राजी होईना. इंदुताईंची चाके अंबरपेठेत एका फाटकाबाहेर टेम्पोत एकोणीस दिवस उभी राहिली. रस्ता कोणत्याच कंपनीचा नसल्यामुळे फलक हिरवागार होता.

लाल दिवा लागला तो शेवटच्या टप्प्यात. ग्राहक दार उघडायला वेळ लावतात आणि त्यात चौघींचे गुण जातात, अशी घरपोच कंपनीची तक्रार आली. चौघींच्या संयुक्त समितीने दोन बैठका घेतल्या, समोसे खाल्ले आणि ग्राहकालाच साखळीतला पाचवा भागीदार करून घेतले. घंटा वाजल्यापासून नव्वद सेकंदांत दार उघडणे, एवढेच त्याचे कर्तव्य.

खुर्ची आली तेव्हा वृषाली शाळेत शिकवत होती. इंदुताई प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून, भिंतीला रेटा देत स्टूल सरकवत निघाल्या.

"थांब रे बाबा, घाई नक्को. येतेच आहे."

"अम्मा, मेरा भी टाइम गिन रहे," बाहेरचा माणूस म्हणाला.

अकराव्या मिनिटाला दार उघडले. जिन्यात कोणी नव्हते. मोबाइलवर निरोप होता : 'भागीदार क्रमांक पाच, कामगिरी असमाधानकारक.'

वृषालीने थेट तेजसला फोन लावला.

"अहो, सासूबाईंना चालता येत नाही, म्हणून तर खुर्ची मागवली."

"ते कारण झालं मॅडम. फलकावर कारणाचा रकाना नाही."

"मग मी दार उघडंच ठेवून जाते."

"मग मोजणी सुरूच होत नाही. शून्य पडतं."

"शून्य सेकंद? चांगलंच की."

"शून्य गुण, मॅडम. पण काळजी करू नका. आम्ही कमकुवत भागीदाराला सोडून देत नाही, त्याचा विकास करतो."

विकास म्हणून 'दार : एक संधी' नावाची चित्रफीत आली. वृषाली रोज संध्याकाळी मोबाइलवर वेळ लावून घंटा वाजवू लागली. इंदुताईंची कोपरे सोलवटली.

"आई, आज आठ मिनिटं. पुष्कळ सुधारणा आहे."

"तीन बाळंतपणं झाली माझी. तेव्हासुद्धा असं घड्याळ घेऊन कुणी उभं नव्हतं."

दुसऱ्या खेपेला त्यांनी सात मिनिटे चाळीस सेकंदांत दार उघडले. जिना पुन्हा रिकामा होता, पण उंबऱ्यावर समितीचे प्रमाणपत्र होते : 'उल्लेखनीय प्रगती'. खुर्ची मात्र नियमाप्रमाणे उत्तम गुणांच्या पर्यायी भागीदाराकडे वळवण्यात आली होती.

हा भागीदार म्हणजे चिक्कडपल्लीतला प्रशांत. रोज सकाळी पाच किलोमीटर धावणारा. त्याने तिसऱ्या सेकंदाला दार उघडले.

"मी मागवली नाही ही."

"आप का स्कोर अच्छा है सर."

स्कोर चांगला आहे म्हटल्यावर प्रशांतला नाही म्हणवेना. खुर्ची आत घेऊन त्याने तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले आणि पाचपैकी पाच तारे दिले. फलकावर प्रथमच शंभर टक्के झळकले. पाचही भागीदारांच्या नावाने एका तारांकित हॉटेलात ढाल देण्यात आली.

प्रशांतला हसण्याचे कारण नाही. मागच्या वेळी घंटा वाजल्यावर आपणही धावतच जाऊन चौथ्या सेकंदाला दार उघडले होते. खोके उघडायच्या आधीच, समोरचा माणूस केविलवाणा बघतो म्हणून, पाच तारे देऊन मोकळे झालो होतो. समितीकडे त्याची नोंद आहे. पुढची खुर्ची निघाली आहे आणि पर्यायी भागीदारांच्या यादीत तुमचे नाव बरेच वर आहे. इंदुताई तुमच्यापेक्षा सात मिनिटे छत्तीस सेकंदांनी मागे आहेत.