मध्यंतरापर्यंतचा धनगर

रॉकेलच्या रांगेतून पाळकबुवा जोतीराम रिकामा डबा घेऊन परतले, तरी चेहरा खुललेला होता. शालूबाईंनी चुलीपुढूनच ओळखलं, ह्यांना रविवारचा उपदेश सापडला.

"दिव्यासाठी तेल जपणाऱ्या पाच शहाण्या कुमारी आणि तेलावाचून राहिलेल्या पाच मूर्ख," डबा खाली ठेवत ते म्हणाले. "सगळ्या आज माझ्यापुढं रांगेत उभ्या होत्या बघ."

"आवं, लढाई लागल्यापासनं त्या कुमारी उपदेशात दोनदा येऊन गेल्या. आन् मूर्खांत आपलाच नंबर लागला. आता दिव्यात काय घालू?"

माधवनगरातली त्यांची ख्रिस्ती मंडळी गिरणीत राबणारी. जोतीरामांना वर्तमानपत्र, बाजार, कुस्त्यांचा फड, कुठंही पाहिलं तरी प्रभूचंच काहीतरी दिसायचं. साखरेवर नियंत्रण आलं, तेव्हा ते 'तुम्ही पृथ्वीचं मीठ आहात' ह्या वचनावर तासभर बोलले होते. लोकांना ते आवडायचं. फक्त मंडळीचे पंच आकाराम कुरकुरायचे, "बुवा, शास्त्र कमी आन् पेपर जास्त व्हतोय."

घरात दिवा नाही आणि डोक्यात उपदेश नाही, म्हणून त्या संध्याकाळी जोतीराम गावाबाहेरच्या तंबूत सिनेमा पाहायला गेले. चित्र एका धनगराचं होतं. वादळ सुटतं, एक कोकरू चुकतं, आणि धनगर सगळा कळप माळावर सोडून त्याला शोधत फिरतो. काट्याकुट्यांतून रक्ताळलेल्या पायांनी तो कोकरू खांद्यावर घेऊन परतला, तेव्हा जोतीरामांचा रुमाल भिजून गेला. मध्यंतराचे दिवे लागले. मिळायचं ते मिळालं, आता पुढचं कशाला बघायचं, असं म्हणून ते तडक घरी आले आणि अंधारात पडल्या पडल्या त्यांनी उपदेश जुळवला.

रविवारी तो असा रंगला की बायका पदरानं डोळे टिपू लागल्या. "तो धनगर म्हणजे आपला प्रभू. ते कोकरू म्हणजे तुम्ही-आम्ही. जा, बायकापोरांसकट बघून या." बोलता बोलता त्यांची नजर दारापाशी गेली. तिथं हंबीरराव बसला होता. गिरणीतला हा गडी कैक वर्षं उपासनेला फिरकला नव्हता. आज सिनेमावर उपदेश आहे एवढं ऐकून आला होता. जोतीरामांचा ऊर भरून आला. चुकलेलं मेंढरू आपण होऊन आलं होतं.

सोमवारी झाडून सगळी मंडळी तंबूत गेली. खेळ सुटायच्या आधीच ती जोतीरामांच्या दारात येऊन उभी राहिली.

"बुवा," आकाराम म्हणाले, "तुमचा प्रभू दारू प्याला."

"कोण?"

"धनगर. जुगारात कळप हरला आन् त्ये कोकरू खाटकाला इकलं. आमी तिथनं उठलो."

म्हाताऱ्या धोंडुबाई पुढं झाल्या. "माज्या नाती इचारत्यात, प्रभूनं कोकरू का इकलं. म्या काय सांगू?"

जोतीरामांनी सगळ्यांना आत बसायला सांगितलं, पण कुणी बसलं नाही.

"रविवारी ह्याचा उलगडा करा," आकाराम जाता जाता म्हणाले, "न्हाईतर मला मिरजेच्या साहेबांस्नी सांगावं लागंल." मिरजेच्या ह्या मिशनच्या साहेबांच्या हातात जोतीरामांची नेमणूक होती.

दुसऱ्या दिवशी उरलेला सिनेमा पाहायला ते धावत तंबूत गेले, तर तिथं तलवारबाजीचा नवा खेळ लागलेला. तंबूचे मालक नानासो परगावी गेले होते. धनगराचं पुढं काय झालं हे सांगायला कुणीच नव्हतं.

रविवारी मंडळीचं देऊळ शिगोशीग भरलं. जोतीराम उभे राहिले. घसा साफ करून म्हणाले, "मंडळी, मी मध्यंतराला उठून आलो. पुढचं मी पाहिलेलंच नाही."

"मग आमाला सबंध बघाया का धाडलं?" आकारामांनी विचारलं.

बसावं की उभं राहावं ते जोतीरामांना कळेना. तेवढ्यात दारापाशी हंबीरराव उठला.

"म्या शेवटपतुर बसलो व्हतो," तो म्हणाला. "तुमी लय लवकर उठलासा. धनगर पिऊन गटाराकडंला पडला. हिकडं कोकरानं खाटकाचं दावं तोडलं. सगळ्या बाजारातनं त्येला हुडकत हुडकत आलं आन् त्येचा हात चाटाया लागलं. धनगर ढसाढसा रडला. चुकल्यालं कोकरू नव्हतंच, धनगर चुकला व्हता."

धोंडुबाईंनी पदर डोळ्याला लावला. आकारामांनी हनुवटी खाजवली. "मग धनगर म्हंजी प्रभू न्हवं," ते म्हणाले.

"न्हवं," हंबीरराव म्हणाला. "धनगर म्हंजी आपलं पाळकबुवा."

सगळं देऊळ हसलं. आकारामही हसले, आणि मिरजेचा विषय तिथंच मिटला. शेवटचं गीत कधी नव्हे एवढ्या मोठ्यानं झालं.

दुपारी नानासो शेंगांची पिशवी घेऊन घरी आले. "बुवा, तुमच्यामुळं तंबू भरला. पर एक सांगाया लाज वाटती. शेवटचं रीळ येळंवर आलंच न्हवतं. लोकं रागानं उठली ती बरी, न्हाईतर मला हाणलं असतं. एकटा हंबीरराव ऱ्हायला व्हता, त्यो बी म्होरं आडवा पडून घोरत व्हता. आता आलंया रीळ. म्हनाल तर समद्यास्नी फुकट दावतो."

"शेवटी काय होतं त्यात?"

"पोलिस येत्यात."

आत शालूबाईंना ठसका लागला. जोतीरामांनी शेंगा ठेवून घेतल्या आणि म्हणाले, "नानासो, ते रीळ परत पाठवा."

उन्हं उतरल्यावर ते हंबीररावाच्या घरी गेले. तो ओट्यावर बाजेची सुंभं ओढत बसला होता. त्यांना पाहून तो उठला आणि मान खाली घालून म्हणाला, "कळलं व्हय?"

"कळलं."

"देवळात खोटं बोललो. पाप लागंल का, बुवा?"

जोतीराम त्याच्याशेजारी बसले. थोडा विचार करून म्हणाले, "तू सांगितलंस त्याला आमच्यात दाखला म्हणतात, खरं उमजावं म्हणून रचलेली गोष्ट. मला पंधरा वर्षांत असा सुचला नाही. शनिवारी नवा खेळ लागतोय, येतोस का बरोबर? ह्या खेपेला मी शेवटपर्यंत बसणार."

"बसा की," हंबीरराव सुंभ ताणत म्हणाला. "आन् शेवट वंगाळ निघाला, तर म्या हायच."