फ्रीजचं दार उघडू नये

संस्थेतलं थंड-गरम करायचं यंत्र सोमवारी बंद पडलं आणि गुरुवारी तर परीक्षकांसमोर आकडे मांडायचे होते. म्हणून संशोधकाने आपला लेसर घरच्या फ्रीजमध्ये, टोमॅटो आणि लोण्याच्या मधोमध नेऊन ठेवला. लेसर मोहरीएवढा, पण त्याची डबी, वायरी आणि जेवणाच्या टेबलावरचा लॅपटॉप धरून त्याने अर्धं स्वयंपाकघर बळकावलं.

"पाचपर्यंत फ्रीज उघडायचा नाही," त्याने फर्मान काढलं. "याला उष्मा सोसत नाही. वीज तेवढीच दिली तरी गरम झाला की उजेड कमी देतो. किती कमी, ते माझं गणित आधीच सांगतं. आज ते खरं की खोटं ठरणार."

"म्हणजे तुझ्या बाबांचंच की," आई म्हणाली. "जेवण तेवढंच, पण उन्हाळा आला की काम निम्मं. त्यांचं मांडलंस का कधी गणित?"

बाबा वर्तमानपत्राआड होते. ते बाहेर आले नाहीत.

अकराला आईने दुधासाठी दार उघडलं आणि लॅपटॉपच्या पडद्यावरची उजेडाची रेघ खड्ड्यात गेली. तो किंचाळलाच.

"अरे, दूध काढतेय, दरोडा नाही घालत!"

शेवटी तह झाला. दार उघडताना आईने ओरडायचं, त्याने वेळ टिपायची.

"मिरच्या!"

"टिपल्या!"

"मिरच्या राहू देत, लिंबू!"

ओरडून ओरडून दोघंही दमली आणि दोन वाजता आपापल्या खोलीत आडवी झाली.

चारला उठून बघतो तर रेघेत सात नवे खड्डे! त्याच्या गणितात असं काहीच नव्हतं. तीन वर्षांची मेहनत डोळ्यांपुढून वाहून गेली. त्याने 'दूध', 'लिंबू' अशा टिपलेल्या वेळांसकट रेघेचा फोटो मार्गदर्शक सरांना पाठवला, फोन लावला आणि रेघ बघत बोलता यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"लेसर ठणठणीत आहे रे," सर म्हणाले. "तुझा दुधाचा खड्डा आणि हे सात एकाच जातीचे आहेत, फक्त जास्त खोल. कोणीतरी दार उघडून उभं राहिलंय, चाळीस-चाळीस सेकंद. ते वगळ, बाकीची रेघ तुझ्या गणितावर तंतोतंत बसते. अभिनंदन!"

"दोन ते चार मी झोपले होते," आई सावकाश म्हणाली.

वर्तमानपत्र हललं. बाबांचं गोड डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच बंद केलं होतं.

"मी लेसर बघत होतो," आतून आवाज आला. "मुलाच्या कामात बापाने रस घेऊ नये का?"

"सात वेळा?"

"रस वाढत गेला."

आईने फ्रीज उघडून उद्याच्या पाहुण्यांसाठी आणलेल्या केकचा डबा उचलला. डबा पिसासारखा वर आला. "आणि केक घटत गेला!"

इकडे सर रंगात आले होते. "चाळीस सेकंद कसे होतात बघ. दार उघडायला दोन, डबा शोधायला पाच, आवाज न करता झाकण काढायला दहा. उरलेले खायला, उभ्याउभ्या. चमचा घ्यायचा नाही, तो वाजतो."

"सर," संशोधकाने विचारलं, "तुम्हाला इतकं नेमकं कसं ठाऊक?"

तेवढ्यात फोनवर सरांच्या मागून एका बाईंचा आवाज आला, "सांगा ना. मलाही ऐकायचंय."