डोंगरांची गुणपत्रिका

गुण दिल्याशिवाय डोंगर खरोखर कामाचा आहे की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. तो लाखो वर्षं नुसता उभा असतो आणि तेवढ्यावर त्याला पास करता येत नाही. आमच्या रोदोपी पहाडातली ही उणीव गेल्या वर्षी दूर झाली. राजधानी सोफियातल्या एका कार्यालयाने ठरवलं, की गावाच्या वरच्या दोन उतारांपैकी एक कायमचा राखायचा आणि दुसरा लाकूडतोडीला मोकळा करायचा. निर्णय गुणांवर. गुण देण्यासाठी गावातला अनुभवी माणूस हवा होता, म्हणून मला नेमलं. एकेचाळीस वर्षांच्या मास्तरकीत दोन हजार तीनशे सोळा मुलं माझ्या हाताखालून गेली, एकही नापास नाही. (त्यांतल्या तिघांना अजून वाचता येत नाही. एक सध्या सरपंच आहे.)

आमच्याकडे गुण दोन ते सहा. दोन म्हणजे नापास, सहा म्हणजे उत्कृष्ट. तक्त्यात डोंगराच्या सेवांचे रकाने होते: पाणी देणे, माती धरून ठेवणे, मधमाश्या पोसणे आणि पाहणाऱ्याच्या मनाला शांती देणे. (शेवटच्या सेवेची तपासणी मी दोन्हीकडे झोप लागेपर्यंत केली. दोघेही समान.)

पहिला उतार दबोवो. जुन्या ओक झाडांचं रान. गावच्या पाणवठ्याला मनगटाएवढी धार तिथूनच येते, ऑगस्टमध्येसुद्धा. हुशार मुलगा! आणि हुशार मुलाला सहा दिले की तो बिघडतो, हा माझा जुना अनुभव. पाणी, चार: 'वसंतात याहून जास्त देतो, म्हणजे जमतं. वर्षभर मेहनत हवी.' माती, चार: 'एका कोपऱ्यात ढिलाई.' मधमाश्या, चार: 'वर्गात गुणगुण फार.'

दुसरा गोलाक. उघडा खडक, दोन झुडपं आणि एक बकरी (बकरी शेजारच्या गावची). नियमाने दोनच गुण. पण दोन मिळालेल्या मुलाचा चेहरा मला बघवत नाही. पाणी, पाच: 'पडलेला पाऊस खाली पोचवण्यात जराही दिरंगाई नाही.' माती, पाच: 'मुळात नसल्याने वाहून गेल्याची एकही तक्रार नाही.' मधमाश्या, पाच: 'एक येऊन गेली. सुरुवात चांगली.'

गोलाक पहिला आला. त्याला फाटक मिळालं, फलक मिळाला, पगारी राखणदार मिळाला. तिथे वृक्षतोडीला सक्त मनाई आहे. ती आजवर एकदाही मोडली गेलेली नाही.

दबोवोवर ट्रक चढले.

जुलैत पाणवठ्याची धार करंगळीएवढी झाली, तीही गढूळ. हा पाणवठा माझ्या जुन्या विद्यार्थिनीने, झ्द्रावकाने, मेलेल्या आईच्या नावाने बांधलेला. आमच्याकडे तसं बांधतात. ती दोन गाई घेऊन उभी होती. गाईंनी पाणी हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"मास्तर, बघा माझ्या आईची धार."

"फेरतपासणीचा अर्ज केलाय पोरी. दबोवोला सगळीकडे सहा दिलेत."

"आता? खोडकी उरलीत तिथं!"

"चूक उशिरा का होईना, सुधारावी."

"मलाही गणितात चारच दिलेत तुम्ही. सोफियातल्या कॉलेजात कोणी घेतलं नाही त्या चारांवर."

"अगं, तू वर्गात पहिली होतीस! डोक्यात हवा जाऊ नये म्हणून—"

"आणि सरपंचाला पाच."

"त्याला धीर द्यायला हवा होता."

"मिळाला की! न वाचता ट्रकांच्या कागदावर सही ठोकली त्यानं." तिने गाईंचे दोर ओढले. "चला गं बायांनो. नदीवर जाऊ. दोन तासांची वाट आहे, मास्तरांना म्हणावं बसा शांतीत."

महिन्याभरात सोफियाहून उत्तर आलं. अर्ज मंजूर. दबोवोला उत्कृष्ट श्रेणीचं प्रमाणपत्र, सोबत सूचना: 'उतारावरील सर्वांत जुन्या झाडावर लावावे.' मी दोन दिवस झाड शोधलं. शेवटी पाणवठ्यावर लावलं. कागद कोरडा राहील अशी तिथे आता खात्री आहे.

आपण इथवर मला हसत आला असाल. ते रास्तच आहे. आता एक तोंडी प्रश्न, अगदी सोपा: आज सकाळी आपण जे पाणी प्यायलात, ते कोणत्या डोंगरावरून आलं?

सावकाश आठवा. घाई नाही.

येत नाही? असू दे, वाईट वाटून घेऊ नका. पाच.